ग्रुपमध्ये ठाण्याचा नंबर

नवरा गेला, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, आणि निवृत्तीनंतर सौंसरच्या घरात माझ्याशी बोलायला फोन तेवढा राहिला. एकाच शाळेत शिकवलेल्या आम्ही काही बायका, कोणी पांढुर्ण्याला, कोणी रामाकोन्याला. आमचा फोनवरचा ग्रुप मीच काढलेला. तिथे सुनांची उणीदुणी निघायची. एकीचा जावई लेकीवर हात उगारायचा, ते ती फक्त तिथेच सांगायची. मी जेवले की नाही, हेही रोज विचारलं जायचं.

सण तोंडावर आले तेव्हा पोलीस ठाण्यातून ग्रुप चालवणाऱ्या सगळ्यांना बोलावणं आलं. अफवा पसरू नयेत म्हणून ठाण्याचा एक नंबर प्रत्येक ग्रुपमध्ये घ्यायचा.

मी विचारलं, "हे कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

"वरून आदेश हाये, बाई," साहेब म्हणाले. "सगळेच जोडून राहिले. तुमाले काय लपवाचं हाये?"

लपवायचं होतंच. मैत्रिणीचा जावई लपवायचा होता, माझं रडणं लपवायचं होतं. ग्रुपचं ॲप चालवणारी कंपनी म्हणते, निरोप कुलूपबंद आहेत, आम्हालाही वाचता येत नाहीत. आता कुलूप तसंच राहणार होतं आणि पोलीस आत येऊन बसणार होते. लोकांनी घराला कोणतं कुलूप लावायचं हे ठाण्याने कधीपासून ठरवायला घेतलं? पण असली खणखणीत वाक्यं मला घरी आल्यावर सुचतात. तिथे मी मुकाट्याने नंबर जोडला.

त्या दिवसापासून बायकांची दातखीळ बसली. देवाचे फोटो आणि शुभ सकाळ, एवढंच येऊ लागलं. सण गेले, नंबर राहिला. तो काढायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. 'घरी एकटीच आहे, डोळ्यात थेंब नीट पडत नाहीत,' असं मी ग्रुपवर लिहिलं. कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकी सगळं चिडीचूप.

तपासणीसाठी नागपूरला निघाले, तर बसस्टँडवर एक तरुण शिपाई जवळ आला. "बाई, डोळा कसा हाये आता? थेंब जमून राहिले का टाकाले?"

हे मी फक्त ग्रुपवर लिहिलं होतं. तरी मी थांबले. उजवीकडे अजून धुरकट दिसतं, मुलीला रजा मिळाली नाही, उशी भिजते पण डोळ्यात थेंब जात नाही, सगळं भडाभडा सांगितलं. तो ऐकत होता. बस लागली. त्याला चार शब्द सुनावायला हवे होते, आणि मला वाटत होतं, याने अजून काहीतरी विचारावं.