वाकानच्या पायऱ्या आणि बाबांची झोप

जूनमध्ये वाकान या डोंगरावरच्या गावाला जायचं हा हट्ट माझाच. बाबा वर्ध्याहून दोन महिन्यांसाठी आले होते, आणि पंधरा दिवस मस्कतमधल्या आमच्या अल खौदच्या फ्लॅटमध्ये एसीखाली बसून होते. नवऱ्याची सोहारला ड्युटी होती, म्हणून मी, बाबा आणि माझी चौदा वर्षांची इरा असे तिघंच निघालो.

पहाटे साडेपाचला निघा, उशीर करू नका. नखलपर्यंत रस्ता उत्तम आहे. डांबर संपलं की चढ इतका उभा आणि खडीचा, की साधी गाडी खालीच ठेवावी लागते. तिथून एका ओमानी काकांनी त्यांच्या फोर-बाय-फोर गाडीने दहा रियालमध्ये वर नेलं. बाबांना दार उघडून देत ते म्हणाले, "बाबा, श्वै श्वै! आराम से."

वर डाळिंबाच्या बागा, द्राक्षांचे मांडव आणि पायऱ्यांच्या कडेने वाहणारा पाण्याचा पाट. मस्कतपेक्षा हवा बरी, पण नऊनंतर दगड तापतात. बाबा दर वीस पायऱ्यांनी थांबत होते. पाटात हात बुडवून ते इराला विचारत, "याला आपल्याकडे काय म्हणतात, सांग बरं?"

"आय... मला नाही माहीत, आजोबा."

बाबांनी तीस-बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. पण नातीशी मराठीतच बोलायचं, असं ठरवून आले होते. ती अडखळली की ते वाट बघत. त्या दिवशी तिला वाट बघायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती. अजून अर्धं गाव बाकी होतं.

अर्ध्यावर एका झाडाखाली बाबा भिंतीला टेकले, डोळे मिटले. मी डब्यातले पराठे काढले. दोन पायऱ्या खाली इरा मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

"ही इज सो स्लो. ही'ज रुइनिंग द होल डे. व्हाय डिड वी इव्हन ब्रिंग हिम?"

मी खाली वाकून म्हणाले, "इरा, कीप युवर व्हॉइस डाउन."

एवढंच. असं बोलू नये, हे म्हणाले नाही. फक्त हळू बोल, म्हणाले.

वळले तर बाबांचे डोळे उघडे होते. त्यांनी पराठा घेतला, सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "तुम्ही दोघी वर जाऊन या. मी इथे बसतो."

आम्ही गेलो. वरून दरीचे फोटो काढले. छान आलेत, खाली टाकले आहेत.

घरी चहा घेताना बाबा म्हणाले, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. हे ऊन सोसत नाही मला."

"बाबा, इरा लहान आहे हो."

"तिला काय बोलायचं? लहानच आहे ती." त्यांनी कप खाली ठेवला. "तू मोठी आहेस."

पाचव्या दिवशी ते गेले. विमानतळावर इरा त्यांच्या पाया पडली. तिचं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं, हे तिला आजही माहीत नाही. मी अजून सांगितलेलं नाही.

वाकान कसं वाटलं, असं ऑफिसात विचारतात. सुंदर आहे, जरूर जा, असं सांगते.

परवा फोनवर धीर करून म्हणाले, "बाबा, माझं चुकलं."

"काय गं?"

ते थांबले होते. खरंच वाट बघत होते.

"एवढ्या उन्हात नेलं तुम्हाला," मी म्हणाले.

"असू दे," म्हणाले, आणि फोन ठेवला.