ड्रमच्या आतलं नाव

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ जुनी वाद्यं घेऊन विकतात. दिसेल ती वस्तू नखानं वाजवून बघतात, अगदी आमची पाण्याची टाकीसुद्धा, आणि "बराबर" म्हणतात.

गेल्या महिन्यात वाटूरचा एक म्हातारा बँडवाला त्यांना विकलेला साइड ड्रम पोचवायला आला होता. गृहस्थांनी स्क्रूचे आटे बघितले. "आझादीनंतरचा माल हाय, भाऊ," मला म्हणाले. वरचं चामडं काढलं तर आत पितळेवर लाल रंगात म्हाताऱ्याच्या बापाचं नाव आणि खरेदीचं साल लिहिलेलं. अंदाज अचूक होता.

म्हातारा म्हणाला, "साहेब, ड्रम तुमचा झाला. तेवढं बापाचं नाव राहू द्या."

"काका, नाव दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं, हा तर लग्नाच्या बँडातला." गृहस्थांनी थिनरचं फडकं फिरवायला सुरुवात केली.

मी म्हणालो, "अहो, वयाचा तेवढाच लेखी पुरावा होता."

"म्हणून तर पुसून राह्यलो. आता निजामाच्या पलटणीचा म्हणून जाईल."

म्हाताऱ्यानं लाल झालेलं फडकं तरी मागितलं.

"ते लागतंय मला," गृहस्थ म्हणाले. "अजून दोन ड्रम पुसायचेत."