शर्यत जिंकल्यानंतरची शिवी

माझे बाबा मला रोज सकाळी शिवी देऊन उठवतात. "ऊठ रे रांडेच्या, चहा झाला!" त्यात राग नसतो. आमच्या कोळीवाड्यात शिवी काढून घेतली तर अर्धं गाव मुकं होईल. म्हणूनच बोईसरला ती बातमी बघितली तेव्हा मी उडालोच.

बोईसरला माझा मामेभाऊ भाड्याच्या खोलीत राहतो. कारखान्यात पाळीवर जातो आणि सुट्टीच्या रविवारी मोबाईलवर जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारींच्या शर्यती बघतो. हे वेड मला त्यानेच लावलं. एका रविवारी मी त्याच्याकडे होतो, तेव्हा शर्यतीच्या आधी कळलं, की एका चालकाला शिक्षा झाली. गाडी दुसऱ्यावर घातली म्हणून नाही की वळण कापलं म्हणून नाही. पत्रकारांसमोर आपल्याच गाडीबद्दल बोलताना त्याच्या तोंडून शिवी गेली, म्हणून! शिक्षा कसली, तर समाजसेवा करायची.

"समाजसेवा ही शिक्षा?" मी ओरडलो. "मग मी काय जन्मठेप भोगतोय?"

"तू बिनपगारी हायस, ती वेगळी शिक्षा," भाऊ म्हणाला. "तीनशेच्या वेगाने जाणारा माणूस. खाली उतरल्यावर काय अभंग म्हणणार?"

मी गावासाठी फुकट पत्रकं लिहितो. खाडीत येणाऱ्या घाण पाण्यावर लिहितो आणि पालघरला कचेऱ्यांबाहेर वाटतो. दुसऱ्या दिवशी पालघरला जाताना उमरोळी स्टेशन यायच्या आत माझा मथळा तयार होता : 'गाडी ठोकली तर दहा सेकंद दंड, तोंड उघडलं तर बदनामी!' ते पत्रक पालघरात कोणाला वाटणार, म्हणून छापलं नाही, एवढंच.

पुढे नारळी पौर्णिमा आली. आमच्याकडे त्या दिवशी खाडीत होड्यांची शर्यत असते. जिंकलेल्या होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, गावाच्या वतीने दर्याला मानाचा नारळ देतो. आदल्या वर्षी झेंड्याच्या वळणावर आमच्या आणि वरच्या आळीच्या होड्या भिडल्या होत्या आणि नंतर मंडपात मारामारी झाली होती. म्हणून गावच्या पाटलांनी मला बोलावलं. "तू ते मोटारीचे नियम सांगत असतोस ना, तसे आमाला लिवून दे."

मला काय, हर्षच झाला. आतली होडी पुढे असेल तर बाहेरच्याने वाट द्यायची. धक्का मारला तर वेळेत दहा सेकंद वाढ. पाच कलमं झाली.

"आणि तोंडाचं काय?" पाटील म्हणाले. "गेल्या साली सुरुवात वल्ह्याने नाय, तोंडाने झाली."

मी सहावं कलम लिहिलं. 'शर्यतीनंतर मंडपात अपशब्द वापरणाऱ्याचा मान रद्द.' बोईसरला ज्याच्यावर थुंकलो, तेच. खरं सांगतो, लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त वरच्या आळीतली तोंडाळ माणसं होती. कलमं मी छापून वाटली, भोंग्यावर वाचली. बाबा आमच्या आळीच्या होडीचे तांडेल. जाळं सांधता सांधता म्हणाले, "लय कडक लिवलंस." खूश होते.

मला आठवतं तेव्हापासून बाबांनी तो नारळ हातात घेतलेला नव्हता. त्या वर्षी ते जिंकले. वळणावर वरच्या आळीची होडी आत आणि जरा पुढे होती. बाबांनी माझ्या नियमाप्रमाणे तिला वाट दिली, मागे पडले, आणि शेवटच्या पट्ट्यात अर्ध्या होडीने पुढे निघाले. मंडपात पाटलांनी सोनेरी कागदातला नारळ त्यांच्या हातात दिला आणि माईक पुढे केला. "बोला तांडेल, कसं वाटतंय?"

बाबा अजून धापा टाकत होते. "काय सांगू! रांडेची होडी आज कशी धावली, बघितलंत ना!"

मंडप खदखदून हसला. मग वरच्या आळीचा तांडेल उठला. हातात मीच छापलेला कागद. "कलम सहा," तो म्हणाला.

मला वाटलं, मस्करी. मीही हसलो. तो हसत नव्हता.

पाटील माझ्याकडे वळले. "कलम तुझं. तूच सांग, लागू हाय का नाय?"

आपलीच होडी, कोणाला दुखावलं नाही, शर्यत तर संपली, असलेच मुद्दे बोईसरला मी घसा फोडून मांडले होते. त्यातला एकही तोंडात येईना. बापाला सोडलं तर उद्या माझा कुठलाच कागद कोणी वाचणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"लागू आहे," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नारळ त्यांनी वरच्या आळीच्या तांडेलाच्या हातात ठेवला. "सांभाळ, खालून कागद सुटतोय," म्हणाले आणि होडी ओढायला निघून गेले.

मामेभावाला फोन केला. तो आधी हसला. "अरे, त्या मोटारवाल्यांनी समाजसेवा लावली," तो म्हणाला, "पण त्याने शर्यतीत कमावलेलं काय काढून नाय घेतलं. तू तर नारळच काढलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या उशाशी आले.

"ऊठ. चहा झाला."

मी डोळे मिटून पडून राहिलो. राहिलेला शब्द येईल म्हणून बराच वेळ थांबलो. बाहेर त्यांच्या चपला वाजल्या आणि दूर गेल्या.