पारूने नवऱ्यासाठी मागितलेली शिक्षा

सरळगावच्या पारूला बायका हसून म्हणत, "तुजा नवरा नळ बसवतो पन तोच, आनि काढून नेतो पन तोच." त्यात खोटं काही नव्हतं. विठू प्लंबर होता. मुंबईकरांनी मुरबाडच्या आसपास फार्महाऊस बांधली, त्यांतले नळ, शॉवर, पाण्याच्या मोटारी त्यानेच बसवल्या आणि मालक नसताना कोयंडा उचकटून त्यानेच काढून नेल्या. हात इतका नेटका, की नळ काढल्यावर उघड्या पाइपला बूच मारूनच निघायचा. घरात पाणी सांडलेलं त्याला बघवत नसे. त्या बुचावरूनच पोलीस सरळ त्याच्या दारात येत.

दोनदा तो आत जाऊन आला. दोन्ही वेळा पारू कोर्टात रडली, पदर पसरला, शिक्षा कमी झाली. दोन्ही वेळा विठूने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि पुन्हा कुणाचा तरी शॉवर उचलला.

तिसऱ्यांदा मुरबाडच्या कोर्टात गुन्हा शाबीत झाला. सरकारी वकिलांनी आधीच्या दोन्ही शिक्षा पुढे मांडल्या आणि जरब बसेल अशी शिक्षा मागितली. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?"

"बायकोपोरीकडं बघा, मॅडम," विठू मान खाली घालून पुटपुटला.

मॅडमची नजर मागच्या बाकाकडे गेली. पारू उठून उभी राहिली.

"माज्याकडं बघून कमी नका करू. दोनदा मीच रडले, नि ह्यो तसाच परत आला. या टायमाला पुरती द्या. फक्त नुसतं बसवून ठेवू नका, हाताला काम द्या. रिकामा बसला की याचं डोकं नळाकडं जातं."

कोर्टात हशा पिकला. मॅडमनाही ओठ मिटून घ्यावे लागले. मग त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की आधीच्या सवलतींचा उपयोग झालेला नाही, आता दया दाखवायला कारण नाही. दोन वर्षं सक्तमजुरी.

पोलीस नेताना विठू थबकला. "येवडा राग गो?"

"राग असता तर आलेच नसते," पारू म्हणाली.

घरी आल्यावर तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून लाजही वाटली. पण पोट होतं, पोरगी होती. शेजारच्या प्रमिलाचा नळ गळायला लागला तेव्हा पारूने विठूची हत्यारांची पिशवी उघडली. अर्धा दिवस झटली, चिंब भिजली, पण नळ थांबला. मग शाळेची टाकी आली, मग किन्हवलीकडच्या एका नव्या घराचं काम.

जेलात भेटायला गेली की बाकीच्या बायका जाळीपलीकडे डोळे पुसत. पारू विचारायची, "मोटार नुसती घुमते, पानी चढत नाय. काय करू?" विठूचा चेहरा उजळायचा. हातवारे करत तो सांगायचा, आणि भेटीची वेळ संपली की हवालदाराला म्हणायचा, "थांबा हो, वॉल्व राहिला सांगायचा." त्यालाही आत दुरुस्तीचं काम मिळालं होतं. तिथले नळ मात्र जागच्या जागी राहिले.

सुटून आला तेव्हा गावात त्याला कुणी काम देईना. पारूला मात्र म्हसा रोडवरच्या फार्महाऊसमधून बोलावणं आलं. विठूने दोनदा धुऊन नेलेलं तेच घर. पारूबरोबर त्याला बघून मालकीणबाई दारातच अडल्या.

"हा माजा हेल्पर," पारू म्हणाली. "किल्ली माज्याकडं द्या. आत मी असेन तवाच तो असंल."

बाईंनी बराच विचार केला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

न्हाणीघरात विठूने पारूने बसवलेला नळाचा जोड निरखला. "आटा वाकडा बसलाय गो."

"मग उघडा नि सरळ बसवा," म्हणत ती पाट ओढून समोरच बसली. विठू हसत कामाला लागला.