धुराकडची जागा

आमच्या बेटावर समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायांचा विस्तव काळ्या दगडांच्या गोल आडोशात पेटतो. पाण्यातून कुडकुडत वर आलं की तिथंच बसायचं, आणि कुणी कुठं बसायचं ते ठरलेलं असतं. जिथं धूर येत नाही तिथं मालसुनमावशी. सगळ्यांत खोल बुडी तिची, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच. मग बाकीच्या बाया, मग आम्ही शिकाऊ पोरी. युक्जीला जागाच नव्हती. सगळा धूर जिथून बाहेर पडायचा त्या आडोशाच्या तोंडाशी ती उकिडवी बसायची. बसायची कसली, लाकडं सारायची.

आमच्या बोलीत युक्जी म्हणजे समुद्रापलीकडची मोठी भूमी. लढाई चालू असताना एक बोट तिथून माणसं घेऊन आली होती. ती परत गेली तेव्हा ही पोर धक्क्यावर उरली. मालसुनमावशीनं तिला घरी नेलं, पण मायेनं नव्हे. डुकरांना चारा घालायला कुणीतरी हवंच होतं. पोर आमच्यापेक्षा खोल बुडी मारायला शिकली, आमच्यासारखं बोलायला लागली, तरी आपली हाक एकच. "ए युक्जी, पाणी आण." "ए युक्जी, मध्ये मध्ये करू नको."

एकदा तिनं धीर करून विचारलं, "मावशी, मी पण बसू का आत? थोडा वेळच."

"का गं, धूर लागतो होय बाईसाहेबांना? तुमच्याकडं चुलीतून अत्तराचा वास येतो वाटतं!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मालसुनमावशीची लेक इन्सून तेवढी हसली नाही. ती युक्जीला ताई म्हणायची.

आता पाण्याखालचं सांगते. खोटं वाटलं तर वाटू दे. समुद्रात बुडालेल्या बाया तळाशी राहतात आणि एकट्या पोरीला गाठून नाव विचारतात. नाव सांगितलं की माणूस त्यांचं झालं. मग सुटका एकाच गोष्टीनं होते. घरच्या माणसानं काठावर उभं राहून तेच नाव तीनदा हाकारून पोरीला परत मागायचं. म्हणून आमच्याकडं चालायच्या आधी पोरींना शिकवतात, पाण्यात नाव सांगायचं नाही.

इन्सूननं एकदा नाव सांगितलंच. आम्ही पोरी काठाजवळच्या उथळ पाण्यात होतो. पांढऱ्या कपड्यातल्या एका बाईनं तिला खडकाखाली पोळीएवढा शिंपला दाखवला आणि गोड आवाजात विचारलं, "कुणाची गं तू? नाव काय?" पोरगी भाळली. वर पाण्यावर तिचा भोपळा, धरून दम घ्यायला आम्ही तरंगत ठेवतो तो, एकटाच डुलत राहिला. वर येऊन दम सोडतानाची तिची शीळ काही ऐकू आली नाही.

हाक मारणार कोण? मालसुनमावशी मोठ्या बायांबरोबर लांबच्या खडकांवर गेलेली. मी तिच्याकडं जायला धावत सुटले. युक्जीनं कमरेचा विळा काढला आणि सरळ खाली गेली.

खाली काय झालं ते इन्सूननं मला नंतर सांगितलं. तिथंही दगडांचा आडोसा होता. पाण्यातच निळा विस्तव जळत होता आणि भोवती बुडालेल्या बाया बसल्या होत्या, आमच्यासारखीच डोक्याला फडकी बांधून. इन्सूनला मध्ये बसवलेलं. तिच्या पावलांवर शिंपल्यांची खवलं चढत गुडघ्यापर्यंत आली होती. युक्जी विळ्यानं ती खरवडत सुटली. पण एक निघालं की तिथं दोन उगवायची.

तेव्हा त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई रागावली नाही. ती नुसती थोडी सरकली.

"ये बाळ, बस. इथं धूर नाही. नाव काय गं तुझं?"

युक्जी रडायला लागली. पाण्यात रडणं दिसत नाही, पण इन्सूनला ते कळलं. "मला कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. मग डोळे पुसल्यासारखं करून म्हणाली, "आधी हिला सोडा. मग सांगते."

खवलं गळून पडली. युक्जीनं म्हातारीच्या कानात नाव सांगितलं. इन्सूनला ते ऐकू आलं नाही.

"आज हिला पोचवून ये," म्हातारी म्हणाली. "मी हाक मारीन तेव्हा ये."

मी मालसुनमावशीला घेऊन परत आले तेव्हा दोघी काठावर पडल्या होत्या. मावशीनं लेकीला उराशी धरलं, आडोशात नेलं, स्वतःच्या जागेवर बसवलं. युक्जी तोंडाशी उभी, दात वाजतायत, हातातून रक्त गळतंय.

"मावशी, हिनं वाचवलं तिला," मी म्हणाले.

"हो का? बरं केलंस हो." मावशीनं मान वर केली. "लाकडं संपलीत बघ. दोन आण."

"ताई, इथं ये ना," इन्सून सरकत म्हणाली.

"हलू नको, वारं लागेल," आई म्हणाली आणि तिला दाबून बसवलं.

युक्जीनं लाकडं आणली. माझं डोकं आजही सणकतं.

पुढं वसंतात आम्ही सगळ्याजणी एकदम पाण्यात उतरत होतो. युक्जी मध्येच थांबली आणि कुणी हाक मारल्यासारखी वळली. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिचं तोंड एवढं फुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ओ, आले!" ती म्हणाली आणि खाली गेली.

भोपळा वर राहिला. शीळ नाही.

मालसुनमावशी काठाकडं धावली, एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. हात वर केले, तोंड उघडलं आणि तशीच राहिली.

"नाव काय गं हिचं?" तिनं बायांना विचारलं.

"आम्हाला काय ठाऊक? तुझ्या घरात होती ती."

मग ती ओरडली, "युक्जी! युक्जी! युक्जी!" पण ते तर पलीकडच्या भूमीचं नाव. त्या हाकेला ही पोर कशी ओ देणार?

आता इन्सूनच बायांची मुख्य आहे. बसते मात्र आडोशाच्या तोंडाशी, धुरात, आणि बिनधुराची आईची जागा मोकळी ठेवते. एखादी नवी पोर तिथं टेकायला गेली की म्हणते, "तिथं नको गं, ती माझ्या ताईची जागा आहे."

"नाव काय ताईचं?" पोर विचारते.

इन्सून लाकडं सारत राहते.