मामांच्या काळजाचा फोटो

मामांच्या उजव्या बरगडीखालची गाठ आधी मामींच्या ध्यानात आली. सदरा बदलताना पोट एका बाजूनं फुगलेलं दिसलं. मामा सोनारीजवळच्या वस्तीवर मेंढरं राखायचे. दिवसभर माळावर चालणारा काटक माणूस. "वायगोळा आसंल," म्हणत त्यांनी ओवा चावून पाहिला. गाठ काही हलेना.

मी तेव्हा परंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. निजामाचं राज्य जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी आमच्या भागात शिकलेली मुलगी म्हणजे अजून नवलच. त्यामुळं नात्यात कुणाला काही झालं की दवाखान्याचा जिम्मा माझ्यावर यायचा. मामांना मी उस्मानाबादला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, एक्स-रे काढला आणि मला बाजूला घेतलं.

"यकृतात मोठी गाठ आहे. कर्करोग असू शकतो. पण गाठ कसली आहे ते या एक्स-रेवरून कळायचं नाही. पुण्याला न्या. तिथं आता रक्तवाहिन्यांचे फोटो काढायला लागलेत."

रक्तवाहिन्यांचे फोटो! काळजी तर होतीच, पण ते ऐकून मी आतून उसळलेच. जिवंत माणसाच्या पोटातलं रक्त कसं कुठं जातं ते फोटोत दिसतं, हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. कुर्डूवाडीला गाडीत बसलो तेव्हा मामी डोळे पुसत होत्या आणि माझ्या डोक्यात नुसते प्रश्न उड्या मारत होते.

पुण्याचे डॉक्टर तरुण होते, माझ्याहून फार मोठे नसावेत. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर ते खुलले.

"मांडीच्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर यकृतापर्यंत न्यायची. तिच्यातून औषध सोडायचं, त्यानं क्षणभर अंगात आग होते, आणि लगोलग फोटो काढायचे. औषध जिथं जिथं जाईल, तिथं फोटोत पांढरं उमटतं."

"मांडीतनं काळजापतुर?" मामा म्हणाले. "तिला वाट कशी गावायची?"

"एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत नेतो, मामा."

"आन् मंग गाठ कसली ते कसं कळतंय?" मामींनी विचारलं.

"कर्करोगाची गाठ लई खादाड असते, मामी," मामींना कळावं म्हणून डॉक्टरही आमच्यासारखं बोलायला लागले. "तिला वाढायला रक्त लागतं. मग ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेते. पण त्या नीट वाढत नाहीत. वेड्यावाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या. फोटोत ते जाळं दिसलं तर कर्करोगच धरायचा. न दिसलं तर आशा आहे."

मामांना आत नेलं. दाराबाहेर आम्ही दोघी उभ्या. मग एकदम मामांचा आवाज आला, "आरं बाबा, आंगात जाळ पेटला!" आणि पाठोपाठ यंत्राची खटाखट खटाखट. मामींनी माझा दंड आवळून धरला.

फिल्म धुऊन होताच डॉक्टरांनी मला हाक मारली. अजून पाणी गळणारी फिल्म त्यांनी दिव्याच्या पेटीवर लावली आणि मी पुढं वाकले. एक जाड पांढरी रक्तवाहिनी वर येत होती, तिला फांद्या, त्या फांद्यांना आणखी बारीक फांद्या. आमच्या मामांच्या पोटात हे एवढं सगळं होतं! आणि उजवीकडं मोठा गोल, अगदी रिकामा. रक्तवाहिन्या त्याच्याजवळ येऊन वळल्या होत्या, त्याला वळसा घालून पुढं गेल्या होत्या. एकही आत शिरली नव्हती.

"जाळं कुठंय?" मी विचारलं.

"नाहीच!" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. "बघा ना, नुसत्या बाजूला ढकलल्या गेल्यात. मामा काम काय करतात?"

"मेंढरं राखतात."

"कुत्री आहेत?"

"आहेत की."

"मेंढरू कापल्यावर टाकाऊ काळीज-आतडी कुत्र्यांना घालतात?"

मी मान डोलावली. मग त्यांनी सांगितलं, मेंढराच्या काळजातून कुत्र्याच्या पोटात एक जंत जातो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, माणसाच्या हाताला, अन्नाला लागून पोटात जातात. माणसाच्या यकृतात त्यांची पाण्यानं भरलेली गाठ होते. "पोट उघडल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही. पण मला तीच वाटते."

ऑपरेशन केलं तेव्हा तीच निघाली. आतलं पाणी पोटात सांडू न देता ती काढणं फार नाजूक काम होतं. डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले ते हसतच. त्यांनी बरणी दाखवली. आत द्राक्षाच्या मण्यांसारख्या जंताच्या लहान लहान पिशव्या तरंगत होत्या. मामींनी हात जोडले. मी मात्र रडतही होते आणि प्रश्नही विचारत होते.

मामा वस्तीवर परतले तेव्हा बघायला ही गर्दी. जंताची गोष्ट ऐकून एक म्हातारे म्हणाले, "मंग कुत्री मारूनच टाका की."

"का म्हणून?" मामा खाटेवर उठून बसले. "खायाला आमीच घातलं न्हवं त्यास्नी? त्यांचा काय कसूर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी झोपूनच हुकूम सोडला आणि वस्तीच्या कडेला खोल खड्डा खणून घेतला. तेव्हापासून कापलेल्या मेंढराची टाकाऊ काळीज-आतडी त्यातच पुरायची, वर दगड ठेवायचे. कुणी कंटाळा केला तर मामा सदरा वर करून टाक्यांचे वण दाखवायचे. मग तो माणूस गुपचूप कुदळ उचलायचा.