गफूरचाचांचा डावा पाय

गफूरचाचा सकाळी उठल्याबरोबर कापसाच्या पिंजणीला हात लावत नसत. आधी अंगणात उभे राहत, दोन्ही हात डोक्यावर नेत आणि झोपेतून उठलेल्या मांजरासारखे हळूहळू लांब होत. मग एक कूस, मग दुसरी. शेवटी खाली वाकून दोन्ही तळवे जमिनीला. साठी उलटलेली, पण तळवे टेकताना गुडघा वाकत नसे. जुनी गादी पिंजून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात खोळंबलं, तर म्हणत, "आंगाले विचारून राह्यलो. त्याचा जवाब तं येऊ द्या."

मी तेव्हा वाशीमच्या एका शाळेत नुकताच ड्रिलमास्तर म्हणून लागलो होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं. चाचांचं घर मैदानाला लागूनच होतं. माझ्या ड्रिलमध्ये जोराला फार किंमत. मुलं वाकली की मी ओरडायचो, "आणखी! आणखी!" एकदा कुंपणापलीकडून चाचांचा आवाज आला. "मास्तर, पोट्ट्यायले हिसडे कायले देता? शीर म्हंजे बैलाचं दावं नोय."

मला राग आला. पिंजाऱ्यानं मला शिकवावं? मी पाठ फिरवली, तर ते पुढं म्हणाले, "तुमी उजव्याच पायावर चालून राह्यले. कमर धरली काय?"

खरं होतं. मल्लखांबावरून पडल्यापासून माझी कंबर आखडली होती आणि ते मी शाळेत लपवून होतो. नोकरी कच्ची होती. पंगू ड्रिलमास्तर कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या अंगणात जाऊ लागलो. ते मला पाय लांब करून बसवत. "वाका. आंग थांब म्हणते तिथं थांबा. आता पाच दम घ्या." पाचव्या श्वासाला पाठीत काहीतरी बोटभर सैल व्हायचं. मी हावरटासारखा आणखी रेटू लागलो की खांद्यावर हात पडे. "आज तेवढंच. रेटलेलं आंग दुसऱ्या दिवशी दार लावून घेते."

हे त्यांना कोणी शिकवलं, असं मी विचारलं. म्हणाले, "अब्बानं. म्हंजे त्यायच्या पाठीनं. पंचेचाळिशीत कमानीवानी वाकले. मंग मरेपर्यंत त्यायले आभाळ दिसलं नाही. मी म्हटलं, आपुन रोज थोडं थोडं सरळ होत राहू."

चार महिन्यांत माझ्या हाताची बोटं पायाच्या अंगठ्याला लागली. मी त्यांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावू लागलो. ते येत, मुलांना डोळे मिटायला लावत, आणि एकेकाला विचारत, "कुठं तणून राह्यलं, बोट ठेव." आडदांड मुलंही त्यांच्यापुढं गप्प बसत. माझ्यापुढं कधी बसली नाहीत.

त्या हिवाळ्यात शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार होते. माझी नोकरी पक्की होणं त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. मी ठरवलं, चाचांना दाखवायचं: दोन्ही पाय फाकवून बसलेला साठीचा म्हातारा छाती जमिनीला टेकवतो. असं काही साहेबांनी कुठं पाहिलं नसणार.

सकाळी फार गारठा होता. आदले दोन दिवस चाचा लग्नघरच्या गाद्या पिंजत उकिडवे बसले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, आज डावी मांडी नाही म्हणून राह्यली. ऊन येऊ द्या, मंग पाहू."

"साहेबांना गाडी गाठायची आहे, चाचा. एकदाच करा. माझ्यासाठी."

त्यांनी खांद्यावरची चादर काढून ठेवली. मग बसले, पाय फाकवले, वाकू लागले आणि अर्ध्यावर थांबले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी आधार देतो असं दाखवत चाचांच्या पाठीवर तळहात ठेवला आणि दाबलं.

ते ओरडले नाहीत. तळहाताखाली त्यांचं अंग एकदम थिजलेलं मला कळलं. छाती जमिनीला टेकली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. साहेब निघून गेल्यावर ते हलकेच म्हणाले, "उठवा मले."

मांडीची शीर तुटली होती. पाय काळानिळा झाला आणि पुन्हा नीट दुमडलाच नाही. उकिडवं बसता येईना, म्हणून पिंजण खुंटीला गेली. हेडमास्तरांनी मला विचारलं, "या वयाच्या माणसाला हे करायला कोणी सांगितलं?" मी म्हणालो, "त्यांनीच हट्ट धरला, सर."

हेडमास्तर खात्री करायला त्यांच्या घरी गेले. मी मागं उभा. चाचांनी माझ्याकडं न पाहता सांगितलं, "हो साहेब. हट्ट माझाच होता." महिन्याभरात माझी नोकरी पक्की झाली.

मी जात राहिलो. ते बाजेवरून मला शिकवत राहिले, पूर्वीसारखंच. फार विश्वासानं शिकवत, आणि मला ते सोसवत नसे.

दोन वर्षांनी ते तापानं अंथरुणाला खिळले. खैरूनचाची माझ्यासाठी पाट टाकून आत गेल्या. मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी..."

त्यांनी हात वर केला. "मले कायले सांगता? मी तं तिथंच होतो. ज्याले ठाऊक नाही, त्याले सांगा." आवाजात राग नव्हता. माझी पाठ वाकडी झाली की ज्या सुरात सांगत, त्याच सुरात सांगितलं.

आठ दिवसांत ते गेले. माती देऊन परतताना हेडमास्तर माझ्यासोबत होते. म्हणाले, "भला माणूस होता. पण म्हातारपणी हट्ट नडला बिचाऱ्याला."

मी मान हलवली आणि त्यांच्याबरोबर शाळेकडं चालू लागलो. दुपारी माझा ड्रिलचा तास होता.